खुर्चीवर लागलेली बोट

बेटेगावच्या नाक्यावर रिक्षातून उतरलो तेव्हा माझं बोलणं पाठ झालं होतं. आमच्या दांडी गावापासून बोईसरपर्यंत आणि बोईसरपासून इथपर्यंत ते मी मनात सहा वेळा म्हणून पाहिलं होतं. पोरा, तू चांगला आहेस, तुझे आईबाप चांगले आहेत, पण आमच्या दिशाचा नाद सोड. रविवारी तुझी माणसं होकार मागायला माझ्या दारात येणार आहेत. त्याआधी तूच काहीतरी कारण काढून त्यांना थांबव, म्हणजे मला माझ्या तोंडाने नाही म्हणावं लागणार नाही. दहा मिनिटांचं काम होतं.

एका जागी बसणं मला तसंही जमत नाही, आणि त्या दिवसांत तर मुळीच जमत नव्हतं. बोटीचं इंजिन उघडून ठेवलेलं, मेकॅनिक रोज 'उद्या' म्हणायचा. आठ दिवस मी बंदरावरून घरी आणि घरून बंदरावर येरझाऱ्या घालत होतो. शेवटी बायको वैतागली. जयवंती तशी माझं पुष्कळ सहन करते, पण त्या दिवशी म्हणाली, "अवो, एका जागी बसा, नायतर जा कुठं तरी. सुकत घातलेल्या बोंबलांवर सारखी तुमचीच सावली पडते." मग इंजिनाचं सामान आणायला जातो असं सांगून मी निघालो. बुधवार होता.

तो पोरगा, चिराग, मूळचा माकुणसारचा, बेटेगावात भाड्याने राहतो. घरची वाडी, केळी, पानवेल, भाजीपाला. आमची दिशा बोईसरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये कामाला आहे, सकाळी कंपनीच्या बसने जाते. दोघांचं कुठे आणि कसं जमलं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. दोनेक महिन्यांपूर्वी जेवताना तिने सरळ नाव घेतलं आणि भाताचा पुढचा घास घेतला. वाडीवाले वेगळे, दर्यावर जाणारे आम्ही वेगळे, हे माझ्या मनात लगेच आलं. पण हल्ली जात तोंडाने काढायची लाज वाटते. म्हणून मी बोट काढली. म्हटलं, "माझ्या पोरीचा नवरा एकदा तरी माझ्या बोटीवर आला पायजे. एक फेरी मारू दे, मग बघू."

मी तांडेल आहे. म्हणजे बोटीवर शब्द माझा चालतो, आणि खरं सांगायचं तर घरातही तो चालावा असं मला वाटतं.

तो आला, नवाकोरा टी-शर्ट घालून. खाडीचं तोंड ओलांडलं तसा त्याचा रंग उतरला आणि किनाऱ्यावरची सुरूची झाडं बारीक व्हायच्या आत तो काठावर ओणवा झाला. बोट लागली त्याला. अशी लागली की सकाळचा चहा आणि आदल्या रात्रीचं जेवण, दोन्ही दर्याला मिळालं.

आमच्याकडे एक रीत आहे. नवा खलाशी पहिल्या फेरीला ओकला तर बोटीवर त्याला पोटभर हसायचं, पण किनाऱ्यावर पाय ठेवला की ती गोष्ट काढायची नाही. त्याच्या घरी नाही, बंदरावर नाही, कुठेच नाही. माझ्या बापाने ही रीत पाळली, मीही चाळीस वर्षं पाळली. चिरागच्या वेळी मात्र बोटीतून उतरल्या उतरल्या मी बर्फवाल्या ज्ञानेशला सांगितलं. ज्ञानेशला सांगितलं म्हणजे दांडीत दवंडी पिटली. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी स्वतःच म्हणालो, "ज्याला बोट लागते त्याला मी पोरगी देत नाय." सगळे खदाखदा हसले. माझा जुना खलाशी दादू तेवढा हसला नाही. घरी जाताना म्हणाला, "तांडेल, बोलाय नको होतं." मी म्हटलं, तो काय आपला खलाशी हाय? त्याला कुठली आलीय रीत?

तेव्हापासून दिशा माझ्याशी कामापुरतं बोलायची. जेवायला वाढलंय. गॅस आला. बस. मला वाटायचं, ओरडेल, रडेल, मग मी समजूत काढेन. तिने तशी संधीच दिली नाही.

चिरागची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दार त्यानेच उघडलं. चष्मा, अनवाणी पाय, दाढी वाढलेली. मला बघून तो दचकला, पण वाकून पाया पडला आणि आत घेऊन गेला. एक खाट, एक पंखा, एक खुर्ची आणि भिंतीवर हा एवढा मोठा टीव्ही. खिडकीखाली रात्रपाळीची कामगार पोरं नळावर आंघोळी करत होती, त्यांचं हिंदी वरपर्यंत ऐकू येत होतं.

"बसा ना काका. पाणी देतो."

मी बसलो आणि पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं. पण समोर पडद्यावर समुद्र होता. समुद्रात बोट होती. आणि ती बोट ज्या तऱ्हेने लाटेवर चढत होती ते बघून मला राहवेना.

"हे काय हाय?"

"माझं काम. गेम आहे. पुण्याची एक कंपनी आहे, बाजारात जायच्या आधी गेम त्यांच्याकडे तपासायला येतात. मी घरून खेळतो आणि चुका लिहून काढतो. कुठे बोट खडकातून आरपार जाते, कुठे माणूस पाण्यावर चालतो."

"खेळायचा पगार देतात?"

"चुका शोधायचा देतात."

"मंग ही लिही चूक," मी म्हटलं. "वारा तिकडून हाय ना? निशाण तिकडून फडफडतंय. मग लाट या अंगाला कशी? आणि खाडीच्या तोंडाला ओहोटीचं पाणी असं गोल गोल फिरत नाय. ते सरळ बाहेर पळतं आणि येणाऱ्या लाटेला भिडतं. तिथं पाणी उभं राहतं."

त्याने वही ओढली आणि खरोखर लिहून घेतलं. "अजून काका?"

हा 'अजून काका' मला भोवला. घरात महिनाभर कोणी मला काही विचारलं नव्हतं. मी चुका काढत गेलो. नांगर असा टाकत नाहीत, जाळं असं पडत नाही, एवढ्या लाटेत माणूस असा ताठ उभा राहू शकत नाही. तो लिहीत गेला. मी कशासाठी आलो होतो ते बाजूलाच राहिलं. शेवटी मी म्हटलं, "दे इकडं ते. तुला दाखवतो खाडीतून बोट कशी काढायची ती."

त्याने दोन्ही हातांत धरायचा तो कंट्रोलर मला दिला, कुठला अंगठा कशाला ते दाखवलं. मग जरा चाचरत म्हणाला, "काका, बसूनच खेळा. आणि मळमळलं तर लगेच थांबवा. हा गेम पुष्कळांना लागतो."

"लागतो?" मला हसू आलं. "पोरा, सत्तावन्न वर्षांचा हाय मी. पाळण्यातून उठलो तो बोटीत बसलो. आजपावेतो कशानं लागलं नाय मला."

बसून बोट कोणी चालवत नाही, म्हणून मी उभा राहिलो, पाय फाकवून, गुडघे सैल सोडून. पहिली पाच मिनिटं मजा आली. बोट ऐकत होती. लाट आली की कंट्रोलर हातात थरथरायचा. मी एक मोठी लाट तिरकी घेतली आणि चिराग "वा काका" म्हणाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग मला जांभई आली. नवा माणूस बोटीवर जांभया द्यायला लागला की आम्ही ओळखतो, आता याचं पोट ढवळणार. तोंडाला पाणी सुटतं, कानशिलं गरम होतात, माणूस बोलायचा थांबतो. मी एकामागून एक तीन जांभया दिल्या. तोंडाला पाणी सुटलं. मला वाटलं, सकाळची चपाती बाधली.

चाळीस वर्षं मी ज्याला त्याला एकच उपाय सांगत आलोय. बोटीत बघू नको, पाण्यात बघू नको, लांब बघ. जिथे आभाळ आणि पाणी भेटतं त्या रेघेवर नजर ठेव. बोटीवर सगळं हलतं, ती रेघ हलत नाही. तिला धरून राहिलं की पोट जागेवर राहतं. मीही तेच केलं. पडद्यावरच्या त्या रेघेला नजर लावली आणि घट्ट धरून राहिलो.

पण इथे उलटं होतं. पायाखालची फरशी हलत नव्हती, भिंत हलत नव्हती, पंखासुद्धा बंद होता. हलत होती ती एकटी रेघ. वर जायची, खाली जायची, तिरकी व्हायची. माझे गुडघे लाटेची वाट बघायचे आणि लाट यायचीच नाही. जितकं पोट ढवळत होतं तितका मी त्या रेघेकडे जास्त डोळे फाडून बघत होतो, कारण दुसरं काही मला ठाऊकच नव्हतं.

"काका, पडद्याकडे बघू नका," चिराग म्हणाला. "खिडकीकडे बघा, गजांकडे. डोळे काढा तिथून."

मी ऐकलं नाही. ज्याने माझ्या बोटीवर सकाळभर ओकाऱ्या काढल्या, तो मला नजर कुठे ठेवायची ते शिकवणार? मी आणखी एक लाट चढलो. बोट वरून खाली आपटली आणि माझ्या पोटातलं सगळं वर आलं. थोडं माझ्या पांढऱ्या शर्टावर, थोडं फरशीवर, थोडं त्याच्या चपलांवर.

मी मटकन खुर्चीत बसलो. "बंद कर ते," एवढंच तोंडातून निघालं. "बंद कर आधी."

त्याने टीव्ही बंद केला, बादली पुढे ठेवली, खिडकी सताड उघडली. बादलीचंही काम पडलं. मग त्याने फडकं आणून फरशी पुसली, मला स्वतःचा एक धुतलेला शर्ट दिला, आल्याचा तुकडा दिला. माझ्याकडे बघणं तो टाळत होता. मी डोळे मिटले तर खोली फिरायची, उघडले तर तीच फिरायची. शरमेने मला घाम फुटला होता. सत्तावन्न वर्षांत जे दर्याला जमलं नाही ते एका भाड्याच्या खोलीत, खुर्चीशेजारी उभं राहून झालं होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दिशाचा होता. शांत खोलीत तिचा आवाज मला अर्धामुर्धा ऐकू येत होता. आईने सांगितलं असणार, बाबा बोईसरकडे गेलेत. ती घाबरून काहीतरी विचारत होती.

"हो, इथेच आहेत काका," चिराग म्हणाला. "नाही गं, भांडण कसलं? माझ्या गेममधल्या चुका काढतायत. बारा निघाल्या. बोट मस्त चालवली त्यांनी." फडकं अजून त्याच्या हातात होतं.

त्याने फोन ठेवला. मी विचारलं, "सांगितलं नायस तिला?"

"त्यात काय सांगायचं, काका?"

आल्याचा तुकडा चघळत राहिलो. मग म्हटलं, "तुला नाय लागत हे?"

"रोज लागतं."

मला वाटलं, माझं मन राखायला म्हणतोय. पण त्याने टेबलावरचं घड्याळ दाखवलं. वीस मिनिटं खेळायचं, मग पाच मिनिटं खिडकीत उभं राहून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचं, मग पुन्हा वीस मिनिटं. सकाळी पोटभर खायचं नाही. काही गेम बरे असतात, काही वाईट. वाईट असला की दिवसातून दोनदा बाथरूममध्ये जाऊन यावं लागतं. तीन वर्षं हे चाललं होतं.

"मंग करतो कशाला?"

"काम आहे काका. आणि मला आवडतं," तो म्हणाला. "लागतं म्हणून कोण सोडतं?"

आता जे सांगतो ते मी टपरीवर सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बोटीवर पहिली उलटी झाल्यावर चिरागने तोंड पुसलं आणि जाळ्याचा दोर धरला. मी त्याला धर म्हटलं नव्हतं. मग तो ओढत होता, ओकत होता, पुन्हा ओढत होता. हाताची सालं निघाली. तीन तास. आजवर बोट लागलेला प्रत्येक जण मला एकच विचारत आला, अजून किती वेळ? याने विचारलं होतं, अजून किती जाळी? दादूने माझ्याकडे बघितलंसुद्धा तेव्हा. हे सगळं मी गिळलं आणि बंदरावर फक्त उलटी सांगितली. आणि आज मी स्वतः पहिल्या उलटीला 'बंद कर' म्हणून खुर्चीत बसलो होतो. मला माझीच किळस आली.

बोलायचं ते न बोलताच मी उठलो. तो नाक्यापर्यंत सोडायला आला आणि रिक्षावाल्याशी हिंदीत बोलून मला पुढे त्याच्याशेजारी बसवलं. म्हणाला, "समोरचा रस्ता दिसला की बरं वाटेल." मी त्याचं ऐकलं.

घरी आलो, पण जमीन काही थांबेना. रात्रीपर्यंत ओटा हलत होता. गुरुवारीही मान वळवली की घर मागून सावकाश यायचं. बुधवारी आल्याआल्याच इंजिनाचं सामान कुठे म्हणून जयवंतीने विचारलं तर मी तिच्यावरच खेकसलो. मग मागच्या दारी जाऊन शर्ट धुवायला बसलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझा शर्ट मी पहिल्यांदा धुतला. ती दारात उभी राहून बघत होती. "आणि हा अंगात कोणाचा हाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, पाणी आण.

शुक्रवारी मी दिशाच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. शनिवारी बंदरावर गेलो, बसलो, उठलो, परत बसलो. दादू म्हणाला, "तांडेल, तुमाला मुंग्या चावतात काय?" शेवटी मी एक युक्ती काढली. रविवारी सरळ होकार द्यायचा. होकार दिला की सगळे खूश, पुढे कोणी काही विचारणार नाही, आणि बोटीचा, गेमचा, उलटीचा विषयच निघणार नाही. हे ठरवल्यावर मला जरा झोप लागली.

रविवारी चिराग आणि त्याचे आईवडील आले. प्रदीपभाऊ कमी बोलणारा माणूस, हात मातीत काम करून जाड झालेले. सोबत केळ्यांचा घड आणि पानांची चवड. मंजुळावहिनी जयवंतीशी लगेच मिसळल्या. ओट्यावर शेजारपाजारचे चारपाच जण होते. चहा आला. मी घसा खाकरला आणि होकार देणार तोच बोलावणं नसताना ज्ञानेश पायऱ्या चढून आला.

"काय जावई," तो चिरागला म्हणाला, "आज गोळी घेऊन आलास का? ओट्यावर पण लागंल तुला."

सगळे हसले. प्रदीपभाऊंनी कप खाली ठेवला. "कसली गोळी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, चिरागने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. महिनाभर सगळी दांडी हसत होती आणि त्याच्या बापाला पत्ता नव्हता. ज्ञानेशला तेवढंच हवं होतं. त्याने पहिल्यापासून सांगितलं, ओणवा कसा झाला ते करून दाखवलं, आणि 'पोरगी देत नाय' हे माझं वाक्य माझ्याच आवाजात म्हटलं. मंजुळावहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. दिशा दाराच्या चौकटीत उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

"हे तुमी बोललात?" प्रदीपभाऊंनी मला विचारलं.

"बोललो," मी म्हटलं. "पण अर्धंच बोललो."

मग मी उरलेलं सांगितलं. तीन तास, दोर, हाताची सालं. ओट्यावरचं हसू थांबलं. तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दिशा बघत होती, आणि मला आता पोटात काही ठेवायचं नव्हतं. मी म्हटलं, "बुधवारी मी याच्या खोलीवर गेलो होतो, याला नाय म्हणून सांगायला. तिथं याचा गेम खेळलो आणि ओकलो. जमिनीवर. दर्या नाय, लाट नाय. यानं पुसलं आणि कोणाला सांगितलं नाय. याला लागलं तरी यानं जाळं ओढलं. मी पहिल्याच उलटीला खुर्चीत बसलो."

मग ज्ञानेश असा हसला की त्याला खांब धरावा लागला. तांडेलाला टीव्ही लागला, असं म्हणत तो पायऱ्या उतरला. वर्षभर बंदरावर मला हेच ऐकावं लागणार हे मला तेव्हाच समजलं. त्याचं एवढं वाटलं नाही. मी प्रदीपभाऊंकडे वळलो आणि म्हणालो, "माझा होकार हाय."

ते उठून उभे राहिले.

"तुमचा हाय," ते म्हणाले. "पण आमचा कुठं हाय अजून? माझ्या पोराला तुमी हसायला नेलात. मी त्याच्या घरात तुमची पोरगी आणू, मग उद्या तुमी येणार, जेवणार, आणि माझ्या मनात हेच येणार."

चिराग म्हणाला, "बाबा, मी माझ्या मर्जीने गेलो होतो."

"तू गप बस." त्यांचा आवाज चढला नव्हता. मग ते माझ्याकडे वळले. "कमलाकांतभाऊ, मला न्या तुमच्या बोटीवर. जिथं नेलात त्याला तिथंच. मी बघतो, मग सांगतो."

कपातला चहा तसाच ठेवून ती माणसं गेली. मी महिनाभर त्यांना ताटकळत ठेवलं होतं, आता माझी पाळी आली. जेवण गेलं नाही. अंगणातून फाटकापर्यंत आणि फाटकापासून अंगणात किती फेऱ्या झाल्या ते जयवंतीला विचारा. दिशा संध्याकाळी पायरीवर येऊन बसली. महिन्याने पहिल्यांदा आपणहून बोलली.

"बाबा, ते नाय म्हणाले तर?"

भीती वाटत होती आणि ती मी तिला सांगितली. म्हटलं, "मला पण तेच सारखं वाटतंय. मीच वाटोळं केलं असंल तर?" तिने समजूत घातली नाही, पण उठूनही गेली नाही.

मंगळवारी इंजिन बसलं. बुधवारी सकाळच्या ओहोटीला आम्ही निघालो, मी, दादू आणि प्रदीपभाऊ. त्यांनी जुनी विजार घातली होती आणि गळ्यात टॉवेल. जन्मात बोटीत पाय ठेवला नव्हता त्यांनी. चिराग यायचं म्हणत होता, त्यांनी येऊ दिलं नाही. खाडीच्या तोंडाशी बोटीने पहिली उसळी घेतली तेव्हा त्यांनी काठ धरला. मी लांब बघा म्हणून सांगितलं, त्यांनी बघितलं. तरी पाऊण तासात ते वाकले.

जाळ्यापाशी पोचेपर्यंत त्यांच्या पोटात काही उरलं नव्हतं. दादू दोर ओढू लागला तसे ते भेलकांडत उठले आणि दोराला हात घातला. चार हात ओढलं असेल नसेल, खाली बसले. तोंडाला रंग नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते दोराकडे बघत राहिले.

"किती वेळ ओढत होता तो इथं?" त्यांनी विचारलं.

"तीन तास."

"असं होत असताना?"

"हो."

"आणि तुमी हसलात."

"हसलो," मी म्हटलं. "माझं चुकलं, प्रदीपभाऊ."

त्यांनी टॉवेलाने तोंड पुसलं. बोट वर गेली, खाली आली. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि तसेच मिटलेल्या डोळ्यांनी बोलले, "लग्न मेच्या पहिल्या हप्त्यात धरा. नंतर आमच्याकडं वाडीला माणसं मिळत नाय."

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण तेवढ्यात त्यांना पुन्हा उमळून आलं. मी सुकाणू दादूच्या हातात दिलं, त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसलो आणि त्यांचं कपाळ धरून राहिलो.